तडा नि रंग

काही दोष लपवावे लागत नाहीत. ते आपोआपच लपलेले असतात. घराच्या दर्शनी भिंतीला भेग पडली, तर येणारा-जाणारा प्रत्येक जण ती पाहतो, मालकाला विचारतो, आणि मालकही लाजेकाजेने का होईना, गवंड्याला बोलावतो. परंतु वाळवीने आतून पोखरलेले आढे, विहिरीच्या तळाशी सुटलेला चिरा, किंवा जुन्या मोटारीच्या पोटाखाली पुढच्या चाकांचा भार धरणाऱ्या पोलादी चौकटीला गेलेला तडा, ह्या गोष्टी परक्याला तर दिसत नाहीतच, पण मालकालाही वर्षानुवर्षे ठाऊक नसतात. ज्या दिवशी ठाऊक होतात, त्या दिवशी त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. तो वरवर पाहता लोहाराचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा असतो. जे कोणालाच दिसत नाही, ते नीट करण्याची सक्ती मला कोणी केली आहे? आणि केले, तर ते जगाला सांगायचे की नाही?

वाचक म्हणतील, दिवाळीच्या फराळाबरोबर ही मोटारीची चौकट कशाला? माझे म्हणणे एवढेच की नीतीचे प्रश्न नेहमी रणांगणावरच उभे राहतात असे नाही. ते पुष्कळदा अंगणात, ग्रीसने माखलेल्या गोणपाटावर उताणे पडलेले आढळतात.

आमच्या रत्नागिरीत जुनी मोटार बाळगणे हे एक व्रतच आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पावसाळा सरला की समुद्रावरून येणारी खारी हवा. मिऱ्यापासून भाट्यापर्यंतच्या किनाऱ्यावर लोखंडाची खिळपट्टी उघडी ठेवली, तर ती गंजायला फार दिवस लागत नाहीत. अशा गावात आमच्या आळीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी – सारी आळी त्यांना अण्णा म्हणते – एक प्रीमियर पद्मिनी जतन करून ठेवली होती. ह्या गाडीची ओळख निदान चाळिशी उलटलेल्यांना तरी करून द्यायला नको. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाटच्या नमुन्यावर ती तयार होत असे. १०८९ घन सेंटिमीटरचे एंजिन, नि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने साऱ्या देशाला परिचित झालेला तो चौकोनी चेहरा. अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी नाहीशी झाली, तेव्हा कित्येकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

ह्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. पुढच्या चाकांचे ओझे मात्र एका आडव्या पोलादी चौकटीवर येते. रस्त्यातला प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक, घाटातले प्रत्येक वळण तिला सोसावे लागते. अण्णांच्या गाडीचा पुढचा एक टायर आतल्या कडेने झिजू लागला, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढू लागली, आणि गतिरोधकावरून उतरताना पुढून ठक्‌ असा आवाज येऊ लागला. आयुष्यभर यंत्रांत काम केलेल्या माणसाला एवढे पुरे होते.

तडा शोधण्याची त्यांची रीत मला फार आवडली, कारण तिच्यात माझ्या धंद्यातली वस्तू कामी आली. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, म्हणून त्यांनी संशयित जागा घासून स्वच्छ केली, तिच्यावर डिझेल लावले, थोड्या वेळाने फडक्याने कोरडी पुसून काढली आणि वरून फळ्यावरच्या खडूची पूड चोळली. मग आम्ही वाट पाहत बसलो. पाच-दहा मिनिटांत त्या पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक काळसर रेघ उमटू लागली. भेगेत शिरलेले तेल खडूने बाहेर ओढून घेतले होते. बोटभर लांबीची ती रेघ एका जुन्या सांध्याच्या टोकापासून निघाली होती.

"मास्तर," अण्णा म्हणाले, "तड्याला औषध आहे. पण तो का गेला, हे आधी समजले पाहिजे."

धातूला तडा का जातो, हा प्रश्न माणसाने फार महाग किंमत देऊन शिकला आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या एंजिनाचा आस वाटेत मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासांहून अधिक उतारू प्राणास मुकले. आस काही त्या दिवशीच्या ओझ्याने मोडला नव्हता. रोजच्या, सोसण्याजोग्या ओझ्याने तो आतून थकत आला होता. पुढे ऑगस्ट व्होलर ह्या जर्मन अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले की जे ओझे एकदा दिले असता धातूला काहीच होत नाही, तेच हजारो वेळा देत राहिले तर धातू मोडतो. तडा सुरू होतो तो बहुधा एखाद्या भोकाशी, कोपऱ्याशी, सांध्याच्या टोकाशी, म्हणजे जिथे ताण साचतो तिथे. आमच्या खाऱ्या हवेत त्याला गंजाची साथ मिळते. म्हणून नुसता तडा बुजवून भागत नाही. ताण का साचला हे न पाहता त्याच्यावर वेल्डिंग मारले, तर ते वेल्डिंग टिकते खरे, पण त्याच्या शेजारी नवा तडा जातो.

इथे त्या निरूपद्रवी दिसणाऱ्या दुरुस्तीला दोन वाटा फुटतात, आणि दोन्ही वाटांचे बाह्य रूप सारखेच असते. पहिली वाट अशी: गंजावरच वेल्डिंगचा एक थर ओढायचा, खडबडीतपणा लांबी भरून झाकायचा, वरून काळा रंग मारायचा. दुसरी वाट लांबची आहे. गाडी नुसत्या जॅकवर किंवा चिऱ्यांवर न ठेवता – चिरा दिसतो मजबूत, पण ओझ्याखाली कधी भुगा होईल त्याचा नेम नाही – पक्क्या लोखंडी घोड्यांवर टेकवायची. उघडण्यापूर्वी ओळंबा सोडून चाकांच्या जागा जमिनीवर खडूने नोंदवायच्या, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरपी मापे घ्यायची. बॅटरी सोडवायची, पेट्रोलची नळी दूर करायची, वाळूची बादली जवळ ठेवायची. गंज खरवडून चकचकीत धातू लागेपर्यंत जायचे. तड्याच्या अगदी टोकाला लहानसे भोक पाडायचे, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग तड्याच्या रेघेवर खोल खाच घासायची, वेल्डिंग मुळापर्यंत भरायचे, आणि वरून जाड पत्र्याची पट्टी द्यायची. तीही चौकोनी नव्हे, तर टोकांकडे निमुळती, म्हणजे ताण एका रेषेवर साचत नाही. शेवटी पुन्हा मापे, पुन्हा ओळंबा, आणि काही दिवस चालवून पुन्हा खडू.

आणि त्यानंतर? त्यानंतर तोच काळा रंग. दोन्ही वाटांच्या शेवटी पाहणाऱ्याच्या डोळ्यांना एकच वस्तू दिसते. सच्चेपणा नि ढोंग ह्यांत डोळ्याला फरक करता येऊ नये, हीच तर नीतीची अवघड जागा.

अण्णांनी दुसरी वाट धरली, आणि तीही एका अटीवर. वेल्डिंग त्यांना येत होते. तरी ह्या कामासाठी त्यांनी औद्योगिक वसाहतीतला एक कसलेला वेल्डर घरी बोलावला. "हात थरथरतो हो हल्ली," एवढेच ते म्हणाले. घरची दुरुस्ती म्हणजे सारे काही आपल्याच हाताने करणे, असा एक खोटा अभिमान आपल्यात असतो. आपला हात कुठवर चालतो हे ओळखणे हा दुरुस्तीचाच एक भाग आहे. दोन्ही बाजूंना निरोगी धातू शिल्लक नसता, तर चौकट बदलण्याखेरीज किंवा गाडी मोडीत काढण्याखेरीज उपाय नव्हता, हेही त्यांनी सुरुवातीलाच बोलून ठेवले होते. "हे दुरुस्त होणार नाही" असे वेळेवर म्हणता येणे, ह्याला दुरुस्त करण्याहून अधिक धैर्य लागते.

आता कोणी म्हणेल, माझी गाडी, माझा जीव. मी काय वाटेल ते करीन. पण मोटार ही अशी वस्तू आहे की तिच्यात बसणारा एकटाच तिच्यावर विसंबत नाही. मारुती मंदिराच्या नाक्यावर रस्ता ओलांडणारी शाळेची मुले तिच्यावर विसंबतात. आंबा घाटात समोरून येणारा दुचाकीवाला विसंबतो. त्यांतल्या कोणालाही आपण विचारलेले नसते. आत बसणाऱ्याने धोका पत्करला असे म्हणता येईल. रस्त्यावरच्याने काय पत्करले? त्याला तर धोका आहे हेच ठाऊक नाही. ज्याची संमती मागता येत नाही, त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य कमी होत नाही; वाढते.

पुष्कळ सज्जन लोक ह्यावर एक कसोटी सुचवतात: त्या गाडीत तू स्वतःच्या नातवंडांना बसवशील का? कसोटी चांगली आहे, पण पुरेशी नाही. माणूस स्वतःच्या नातवंडांच्या बाबतीतही आंधळा विश्वास टाकतो. किंबहुना आपल्या हातच्या कामावर त्याचा विश्वास जरा अधिकच असतो. माझी खात्री ही माझ्यापुरती असते. दुसऱ्याला तपासून पाहण्याची संधी मिळाली, तरच ती त्याची होऊ शकते.

कायदा आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. ह्यालाच आपण पासिंग म्हणतो. कायद्याला मी कमी लेखत नाही. परंतु तपासणाऱ्याचे डोळे काही काळ पाहतात, आणि मालकाला वर्षभर माहीत असते. आम्हा कोकणवासीयांना हे शिकवायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला. जयगडहून मुंबईला निघालेली आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेली अशा दोन एस. टी. गाड्या त्या अंधारात नदीत गेल्या. काही महिन्यांपूर्वीच पुलाची पाहणी झाली होती, असे त्या वेळी सरकारतर्फे सांगण्यात आले. दोष कोणाचा, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. मला एवढेच दिसते की त्या उतारूंनी तिकीट काढताना पुलाविषयी काही विचार केला नव्हता, आणि तो करण्याचे त्यांना कारणही नव्हते. सारे सामाजिक जीवन असेच चालते. आपण दिवसातून शंभर वेळा अशा गोष्टींवर पाय ठेवतो की ज्यांची खालची बाजू आपण कधी पाहिलेली नसते. कोणीतरी ती पाहिली असेल, हा आपला विश्वास असतो. त्या "कोणीतरी"च्या जागी केव्हा ना केव्हा आपण स्वतः उभे असतो.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. गरिबीच्या बाबतीत, घरातल्या दुःखाच्या बाबतीत ती म्हण शहाणपणाची आहे. प्रत्येकाने आपले सारे ओझे चव्हाट्यावर मांडावे असे मी म्हणणार नाही. पण ज्या मुठीवर दुसऱ्याचा भार आहे, ती मूठ झाकून ठेवण्याचा अधिकार मालकाला राहत नाही. दोष माझ्यापुरता असेल तर तो माझी खाजगी बाब. त्याच्यावर दुसरा टेकला, की त्याला तो पाहण्याचा हक्क येतो.

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसरोने अथेन्समध्ये शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात एक माणूस घर विकायला काढतो. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, खोल्यांत साप निघतात; आणि हे त्याच्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. त्याने सांगावे काय? डायोजेनीस म्हणतो, कायद्याने जेवढे सांगायला हवे तेवढे सांगितले की पुरे. विकत घ्यायची सक्ती तर कोणी केली नाही. अँटिपेटर म्हणतो, न सांगणे म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे, किंबहुना त्याहूनही वाईट. कारण इथे आपण त्याला जाणूनबुजून चुकू देतो. सिसरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूने आहे. आपल्याकडेही मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात निःसत्त्व किंवा दडवलेला माल विकू नये असे सांगितले आहे. म्हणजे दोन दूरच्या समाजांना एकच गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली. मोह सार्वत्रिक होता, हाच त्याचा अर्थ.

तो मोह अण्णांच्या दारीही आला. दुरुस्तीनंतर वर्षभराने त्यांना गाडी विकायची वेळ आली. काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची होती नि पैसे कमी पडत होते. लग्नाच्या वरातीसाठी जुन्या गाड्यांना हल्ली मागणी आहे. एक गिऱ्हाईक आले, गाडीच्या रंगावर खूष झाले, मनासारखी किंमत बोलले. खाली वाकून त्याने पाहिले नाही. मुलगा अण्णांना म्हणाला, "बाबा, काम उत्तम झाले आहे, वर्षभर आपण चालवली आहे. खोटे काही बोलायचे नाही. विचारले तर सांगू." डायोजेनीसला ह्याहून चांगला वकील मिळाला नसता.

अण्णांनी न विचारता सांगितले. तडा कुठे होता, कसा भरला, पट्टी कुठे दिली, हे कागदावर लिहून दिले, आणि रंग लावण्यापूर्वी काढलेली छायाचित्रेही पुढे ठेवली. गिऱ्हाईक निघून गेले. पुढे दुसरा एक जण आला. त्याने आपला मिस्त्री आणून गाडी खालून तपासून घेतली आणि कमी किमतीत ती नेली. शस्त्रक्रिया काही महिने लांबणीवर पडली.

मला ह्या प्रसंगात एक गोष्ट बोचत राहिली. सत्य अण्णांनी सांगितले. त्याची किंमत मात्र काकूंच्या गुडघ्याने दिली. दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म जसा खरा दानधर्म नव्हे, तसे दुसऱ्याच्या अंगावर ढकललेले सत्यही खरे पुण्य नव्हे. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या तत्त्वनिष्ठेपायी बायकामुलांनी सोसावे, ह्या गोष्टीचे आपण फार कौतुक केले आहे, आणि ते सारेच कौतुक योग्य होते असे मला वाटत नाही. म्हणून मी काकूंना सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "मला आधी विचारले होते त्यांनी. मी म्हटले, सांगून टाका. बाजारात पायी जाणारी मीही आहेच की."

एवढ्या एका वाक्यात मला उत्तर मिळाले. सत्य सांगणाऱ्याने त्याचा भार ज्याच्यावर पडणार त्याला आधी विचारावे. आणि विचारलेल्याने स्वतःला रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या जागी उभे करून पाहावे. कोणी म्हणेल, अशाने गरीब माणूस जुनी वस्तू विकूच शकणार नाही. ह्या आक्षेपात तथ्य आहे. नवी मोटार घेण्याची ऐपत असलेल्याने जुनी दुरुस्त करणाऱ्याला उपदेश करावा, हे मला पसंत नाही. ज्या कोकणाने मनिऑर्डरीवर घरे चालवली, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्याला दुरुस्तीची लाज वाटण्याचे कारण नाही. पण गोधडीचे ठिगळ उघड असते. म्हणूनच ती सुंदर दिसते. दुरुस्तीत कमीपणा नाही, तो दुरुस्ती लपवण्यात आहे. सांगितलेल्या दुरुस्तीला किंमत कमी येते हे खरे. पण जी वरची रक्कम मिळायची राहिली, ती वस्तूची किंमत नव्हतीच, ती समोरच्याच्या अज्ञानाची किंमत होती.

दिवाळी हा रंगरंगोटीचा सण. घरे रंगतात, आणि वर्षभर न बोललेले भाऊ पाडव्याला एकमेकांकडे फराळाचे ताट पाठवतात. सामाईक बागेच्या हद्दीवरून, आईच्या आजारपणात कोणी किती केले ह्यावरून गेलेले तडे त्या ताटाखाली झाकले जातात. मी त्या ताटाची थट्टा करीत नाही. काही घरांत तेवढाच रंग शिल्लक असतो, आणि तोही नसता तर काय झाले असते? तरी मनात येते की नात्यालाही खडू लावून पाहावा. ताण कुठे साचला आहे हे दोघांनी मिळून पाहिले, गंज खरवडताना लागणारी आग सोसली, तर भरलेला सांधा पुष्कळ वर्षे ओझे पेलतो. आणि तसे करता आले नाही, तर निदान मुलाबाळांना त्या सांध्यावर भरवेगाने जायला सांगू नये.

रंग वाईट नाही. रंगाने लोखंड गंजापासून वाचते, भिंत पावसापासून वाचते, माणसाचे मनही पुष्कळदा रंगानेच वाचते. फक्त त्याचा क्रम शेवटचा आहे. तो लावण्यापूर्वी खालची जागा कोणीतरी दिव्याच्या उजेडात पाहिलेली असावी, आणि जे दिसले ते विचारणाऱ्याला, आणि न विचारणाऱ्यालाही, सांगण्याची तयारी असावी.